दुसऱ्या शॅमेलिऑनला घरात जागा कुठे? आर्वी तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात एका शेतकरी कुटुंबाकडे तीन वर्षांपासून व्हेल्ड शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा एक परदेशी सरडा आहे. नर, डोक्यावर उंच तुरा, शेपटीसकट दीड फुटाच्या वर. घरातला धाकटा मुलगा आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन, प्राणी त्याचा. मार्चमध्ये त्याच्या नागपूरच्या मित्राची परदेशात नोकरी ठरली. ऑगस्टमध्ये निघायचं होतं आणि त्याच्याकडची मादी कोणीतरी सांभाळायला हवी होती. याने आधी हो म्हटलं, मग मला फोन केला. "ताई, पिंजरा मी करतो, लाईटचं मी करतो. फक्त ठेवू कुठं थे सांगा."

असे प्राणी रीतसर पाळणाऱ्यांच्या घरी जाऊन मांडणी लावून देणं हे माझं काम. "आणखी एक आला तर ठेवायचा कुठे" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. परदेशी पुस्तकांतलं उत्तर आपल्याकडे लागू पडत नाही, कारण ती थंड मुलखांत लिहिलेली असतात. तिथे प्राण्याला ऊब कशी द्यायची याची चिंता, आपल्याकडे एप्रिल ते मृग निघेपर्यंत त्याला जिवंत कसं ठेवायचं याची. म्हणून हे घर जरा तपशिलात मांडते.

कायद्याचं आधी, कारण ते नीट नसेल तर पुढचं काही बोलूच नये. पावसाळा सरताना बोरी-बाभळीवर किंवा पांदणीवर हळूहळू चालताना दिसतो तो सरडगुहिरा, म्हणजे आपला भारतीय शॅमेलिऑन. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली तो संरक्षित आहे. त्याला पकडणं, घरी ठेवणं, विकणं हा गुन्हा आहे. या घरी शॅमेलिऑन आहे हे गावाला माहीत असल्यामुळे पोट्टे शेतातला सरडगुहिरा डब्यात घालून "हाही ठेवा" म्हणत यायचे. प्रत्येक वेळी त्यांना ज्या झाडावरून उचलला त्याच झाडावर सोडून यायला लावलं जातं, आणि ते अगदी बरोबर आहे. त्याला विष नसतं, तो कोणाचं काही बिघडवत नाही, तरी लोक त्याला दगडाने ठेचतात. हे थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि त्या पोरांना पाळलेला नर दाखवण्याचा तेवढा फायदा नक्की झाला आहे.

व्हेल्ड मात्र येमेन आणि सौदी अरेबियातला. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे. २०२२ च्या दुरुस्तीने असे परदेशी प्राणी आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आले आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी त्यांची नोंदणी परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर सक्तीची झाली. मित्राची मादी नोंदलेली होती. देणाऱ्याने हस्तांतर कळवायचं आणि घेणाऱ्याने ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करायचा, एवढं दोघांनी पाळलं. कागद तयार झाल्याशिवाय मादीला गाडीत बसवायचं नाही, ही माझी अट होती.

आता जागेचं. मी गेले तेव्हा घरात उत्तर ठरलेलंच होतं. आजी म्हणाल्या, "एकटा हाय बिचारा. एवढं मोठं खोपडं हाय त्याचं, त्यातच राहीन थेही. जोडी झाली तं बरंच." मायेनं बोललेलं होतं आणि गाय, बैल, कोंबड्या सांभाळलेल्या माणसाला तसंच सुचणार. पण शॅमेलिऑन कळपाचा तर नाहीच, जोडीचाही नाही. मिलनाचे थोडे दिवस सोडले तर त्याला दुसरा शॅमेलिऑन डोळ्यांसमोर नको असतो. त्याचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, मान न हलवता पुढे-मागे सगळं दिसतं, त्यामुळे मधे जाळी लावून पिंजऱ्याचे दोन भाग केले तरी काही साधत नाही. समोर दुसरा दिसत राहिला की तो रंग गडद करतो, अंग चपटं करून फुगवतो, फिस्स करतो. काही दिवसांनी फिस्स करणंही थांबतं. मग तो दिवसा डोळे मिटून बसतो, खाणं सोडतो, आणि घरच्यांना वाटतं की सवय झाली. माझ्या मते या प्राण्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान या "सवय झाली"ने केलं आहे.

मादीची गोष्ट याहून नाजूक. नर कधी पाहिलाच नाही तरी ती अंडी घालते, कोंबडीसारखीच. फरक असा की शॅमेलिऑन मादीची एका वेळची अंडी वीस-तीसपासून साठ-सत्तरपर्यंत जाऊ शकतात आणि प्रत्येक खेप तिच्या शरीरातलं कॅल्शियम ओढून नेते. अंडी किती होणार हे बरंचसं दोन गोष्टींवर ठरतं: तिला किती खाऊ घातलं आणि ती किती उष्ण जागी राहिली. उष्ण जागा आणि भरपूर खाणं मिळालं की खेपा मोठ्या होतात, लवकर लवकर येतात आणि आयुष्य कमी होतं. घालायला मनासारखी जागा नसेल तर अंडी पोटात अडकतात आणि मादी दगावते.

म्हणून मी त्यांना सरळ सांगितलं की घरातली सगळ्यात गार जागा पाहुणीला द्यायची. आधीपासून राहणाऱ्या नराचा मान इथे पाहायचा नाही.

घर असं. रस्त्याकडे सपरी, म्हणजे ओसरी. तिच्या मागे बैठकीची खोली, तिथे टीव्ही, बाज, खिडकीत कूलर आणि कोपऱ्यात नराचा पिंजरा. तिच्या मागे माजघर: दीड हात जाड मातीच्या भिंती, वर लाकडी पाट्यांचा माळा, त्यावर कवेलू, खिडकी नाही. माजघराचं मागचं दार आंगणात उघडतं, आंगणात न्हाणी आणि पलीकडे गुरांचा कोठा. बाजूला अलीकडे बांधलेली स्लॅबची खोली, टाइल्स, दोन खिडक्या, रंग दिलेला. ही खोली जवळजवळ रिकामी होती आणि घरच्यांनी मादीसाठी मनातल्या मनात तीच धरली होती.

काही जागा बोलता बोलताच गळाल्या. बैठकीत नराच्या समोरच्या भिंतीला जागा होती, पण ती समोरची. सपरीत उजेड चांगला, पण तिथे मांजर, कोंबड्या, गावभर फिरणारी माकडं, आणि खुंटीला टांगलेला फवारणीचा पंप. कोठ्यात गोमुत्राचा वास आणि संध्याकाळी डासांसाठी केलेला कडुनिंबाचा धूर. शॅमेलिऑनच्या फुफ्फुसांना धूर अजिबात चालत नाही.

उरल्या दोन, स्लॅबची खोली आणि माजघर. दोन्हीकडे पिंजऱ्याच्या उंचीवर साधे तापमान-आर्द्रता दाखवणारे मीटर टांगले आणि एप्रिल-मे मुलाला दिवसातून तीनदा आकडे लिहायला सांगितले. मेच्या मध्यात बाहेर सावलीत ४५ अंश असताना दुपारी चारला स्लॅबच्या खोलीत ४१-४२ होतं, माजघरात कूलरशिवाय ३५. इथपर्यंत कोणीही अंदाज केला असता. महत्त्वाचा आकडा रात्रीचा निघाला. रात्री अकराला स्लॅबची खोली अजून ३८ वर होती, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडतो. शॅमेलिऑनला रात्रीचा गारवा लागतो. दिवसाची उष्णता तो काही तास सोसेल, पण रात्रीही सुटका नसेल तर आठवड्याभरात खचतो.

माजघराचं दुसरं एक बलस्थान होतं, ते मुलाच्या लक्षात आलं. बैठकीतल्या कूलरची हवा मधल्या दारातून माजघरात येते आणि मागच्या दाराने आंगणात निघून जाते. हवा निघून जायला वाट नसेल तर कूलर नुसता दमटपणा वाढवतो. इथे वाट आपोआप होती. मागचं दार उघडं ठेवून कूलर चालवला की माजघर दुपारी २९-३० वर थांबायचं आणि पहाटे २६-२७. म्हणजे एकाच कूलरवर दोन्ही प्राणी, वेगवेगळ्या खोल्यांत, मधे दार. दाराला जाड पडदा लावला की एकमेकांचं तोंड दिसायचा प्रश्न नाही. इतकी जुळून आलेली रचना मी तरी क्वचित पाहिली आहे.

अडचण एकच होती. माजघर कापसाने भरलेलं होतं.

कापूस, धान्य आणि बाराही महिने

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि खासगी व्यापारी त्याच्या खाली मागत होते. त्यामुळे भाव वाढायची वाट पाहत कापूस मार्चमध्येही घरातच. या घरात तो पिढ्यान् पिढ्या माजघरात राहत आला आहे, माळ्याला टेकेल इतकी गंजी. मादीला सकाळी अंग शेकायला ५० वॅटचा हॅलोजन दिवा लागणार. सुट्या कापसाच्या खोलीत तसा दिवा लावायचा विचारसुद्धा करायचा नाही. एक कापूसबोंड उडून गरम काचेवर पडलं तर घर जाईल. इथे मी कुठलीच तडजोड मानली नाही.

धान्याचीही तीच गोष्ट, कारण वेगळं. गव्हाच्या कोठीत सोंडे लागू नयेत म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या टाकायची या भागात सवय आहे. हवेतला ओलावा लागला की त्या गोळ्यांतून फॉस्फीन वायू सुटतो, आणि तो प्राण्यालाच काय, त्या खोलीत झोपणाऱ्या माणसालाही जीवघेणा. पिंजऱ्यात रोज पाण्याची फवार सोडायची आणि बाजूला गोळ्यांचं धान्य, हे एकत्र नांदू शकत नाही. शिवाय ओलसर हवेत गव्हाला बुरशी धरते ती वेगळीच.

मी कापूस स्लॅबच्या खोलीत हलवा म्हटलं. खोली कोरडी, तापलेली, कापसाला बाधणारं काही नाही. आबाजी तयार नव्हते. "कापूस डोळ्यापुढं पाह्यजे. तिकडं ठेवला अन् रात्री कोणी गठोडं बांधून नेलं तं?" त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. माजघरात घरची माणसं झोपतात, तिथे कापूस म्हणजे उशाशी वर्षभराची कमाई. प्राण्याच्या सोयीसाठी घरच्या पिकाची सुरक्षितता काढून घेणारी व्यवस्था फार तर एक हंगाम चालते, पुढच्या हंगामात ती मोडते आणि मोडताना प्राण्याचे हाल होतात. म्हणून आबाजींचं समाधान होईपर्यंत पिंजऱ्याचं लोखंड आणायचं नाही असं मुलाला सांगितलं.

मग आम्ही खोल्या बाजूला ठेवल्या आणि महिने लिहायला घेतले. शेतकऱ्याच्या घरात एकही खोली बारा महिने एका कामाची नसते. कापूस दिवाळीनंतर येतो आणि खरिपाचं बियाणं घ्यायच्या आधी, मेअखेर, विकला जातोच. मादी येणार ऑगस्टमध्ये. नव्या प्राण्याला आधी दीड-दोन महिने पूर्ण वेगळं ठेवावं लागतं, विष्ठा तपासून घ्यावी लागते, त्याची भांडी, चिमटा, उरलेले किडे काहीही जुन्याकडे जाऊ द्यायचं नसतं. आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्लॅबची खोली २८-३० वर असते. मेमध्ये जी खोली भट्टी होती तीच पावसाळ्यात विलगीकरणाला उत्तम, बैठकीपासून दूर, स्वतंत्र दाराची. ऑक्टोबरमध्ये मादी माजघरात उतरेल, स्लॅबची खोली रिकामी होईल आणि नोव्हेंबरात तिथे कापूस येईल. खोलीला लोखंडी दार आणि कुलूप बसवायचं ठरलं, आणि थोरला मुलगा म्हणाला की कापूस आहे तोवर त्याची बाज त्या दाराशी पडेल. त्यावर आबाजींनी मान हलवली. धान्याच्या कोठ्या दुसरीकडे गेल्या आणि गोळ्या घरातून कायमच्या हद्दपार झाल्या. कडुनिंबाचा पाला आणि कडक ऊन, हे आजींनी आधीच सुचवलं होतं.

पिंजरा माजघरात बसवताना

माजघराची उंची माळ्याखाली सात फूट, म्हणजे साधारण २१३ सेंटिमीटर. शॅमेलिऑनला उंचावर सुरक्षित वाटतं, त्यामुळे पिंजरा जमिनीवर ठेवत नाहीत. मुलाने आधी भिंतीत ब्रॅकेट मारून पिंजरा टांगायचा बेत केला होता. तो बेत रेतीने रद्द केला.

मादीच्या पिंजऱ्यात अंडी घालायला कायमचा डबा लागतो, किमान एक फूट लांब, रुंद आणि खोल. त्यात बारीक, धुतलेली रेती, इतपत ओली की बोटाने केलेलं बीळ ढासळू नये. हिशोब केला तर २७ लिटरचा डबा, ओली रेती लिटरला दीड किलोच्या वर, म्हणजे ४० किलोहून जास्त वजन. मातीच्या भिंतीत ते पेलणारं ब्रॅकेट बसत नाही. म्हणून अँगलचा ४० सेंटिमीटर उंच स्टँड, पायांखाली शहाबादी फरशीचे तुकडे, म्हणजे सारवलेल्या जमिनीत पाय रुतणार नाहीत. त्यावर ४५ बाय ४५ बाय १२० सेंटिमीटरचा पिंजरा, तळाच्या फूटभरात डबा. वर दिवे धरून एकूण १८२. माळ्याच्या लाकडाला एक फूट अंतर उरलं, तरीही दिव्याच्या वर लाकडाला सिमेंटचा पत्रा ठोकला. पिंजरा दोन तुळयांच्या मधे येईल अशी जागा निवडली, नाहीतर दिवा नेमका तुळईखाली आला असता.

पिंजऱ्याच्या तीन बाजू पांढऱ्या पीव्हीसी शीटने बंद, समोर आणि वर जाळी. बाजारात मिळणारे चारही बाजूंनी जाळीचे पिंजरे मी विदर्भात सुचवत नाही, उन्हाळ्यात त्यात ओल टिकत नाही. इथे आणखी एक गरज होती. फवार भिंतीवर गेली तर माती भिजून पोपडे सुटतात. तळाला उतार दिलेला ट्रे आणि नळी लावून पाणी मागच्या दाराबाहेर काढलं. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो, त्यामुळे पाणी सांडणार हे धरूनच चालावं लागतं. काच मात्र कुठेच नको. काचेत स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं तरी तो दुसरा शॅमेलिऑन समजतो.

माजघरात उजेड नाही, म्हणून अतिनील-बी किरणं देणारी टी-५ नळी बारा तास लागते. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी निरुपयोगी, काच ती किरणं अडवते. नळी, झाडांसाठी एलईडी आणि सकाळचे चार-पाच तास हॅलोजन मिळून दिवसाला पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते. मेमध्ये हॅलोजन बंदच राहील. लाईट गेली की नळी आणि कूलर इन्व्हर्टरवर जातील अशी जोडणी मुलाने स्वतः केली.

झाडं म्हणून जास्वंद आणि मनी प्लांट. व्हेल्ड पानं कुरतडून खातो, त्यामुळे आंगणातल्या कण्हेराची फांदी सजावटीला आणायची नाही हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं. कण्हेर विषारी आहे. शेतातले नाकतोडेही बंद. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले ते या घराने जवळून ऐकलं होतं, त्यामुळे पराटीवरचा, म्हणजे कपाशीवरचा किडा का नको हे फोड करून सांगावं लागलं नाही. पंपही सपरीतून कोठ्याकडे गेला. खाण्याला घरी वाढवलेले रातकिडे आणि जवळच्या तुती लावणाऱ्या शेतकऱ्याकडच्या रेशीम अळ्या. फवारणी असलेल्या पाल्यावर रेशीम अळी जगतच नाही, त्यामुळे ती भरवशाची. फक्त निर्जंतुकीकरणाची भुकटी टाकलेल्या अंथरणीतल्या घ्यायच्या नाहीत. मादीला आठवड्यातून तीनदा, मोजकंच. घरचे लोक तिला जास्त खाऊ घालायला बघतात आणि त्यांना अडवणं हे अजूनही चालू आहे.

पुढे काय झालं

मादी ऑगस्टमध्ये पहाटेच्या गाडीने आली. विलगीकरणात विष्ठेत जंत निघाले, पशुवैद्यकाने औषध दिलं, दुसरी तपासणी साफ आली. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ती माजघरात उतरली. पहिल्या आठवड्यात सकाळी ती काळपट दिसायची. कारण शोधायला मुलगा पहाटे माजघरात बसला, तेव्हा कळलं की न्हाणीतली पाणी तापवायची चूल पेटली की धूर मागच्या दाराने आत येतो. आता ते दार आठपर्यंत बंद असतं आणि चुलीचं तोंड फिरवलं आहे. रंग निवळला. नराच्या वागण्यात काहीच फरक पडला नाही, आणि मला तेच हवं होतं.

डिसेंबरात तिच्या अंगावर निळे-पिवळे ठिपके उठले, खाणं कमी झालं, ती तळाशी फिरू लागली. डब्यासमोर चादर टांगली, कोणी डोकावायचं नाही असं ठरलं. दोन दिवसांत तिने रेतीत तळापर्यंत बीळ खोदलं, अंडी घातली आणि वरून इतकी नीट बुजवली की जागा शोधावी लागली. तिशीच्या आत अंडी होती, सगळी वांझ. तिला लगेच पाणी आणि कॅल्शियम लावलेल्या अळ्या दिल्या, आठवड्याभरात ती वरच्या फांदीवर परतली.

नोव्हेंबरपासून कापूस स्लॅबच्या खोलीत आहे. आबाजी दिवसातून एकदा कुलूप हलवून बघतात आणि मग माजघरात येऊन मीटरवरचा आकडाही वाचतात. तो आकडा यंदाच्या मेमध्ये कूलर चालू असूनही ३२ च्या वर गेला, तर मागच्या दाराला ओल्या गोणपाटाचा पडदा लावायचा आणि दुपारी फवार एकदा वाढवायची. तरीही सलग दोन दिवस रात्री २८ च्या खाली उतरलं नाही, तर मादीला पावसापर्यंत अमरावतीला माझ्याकडे आणायचं. तिच्यासाठी इथला कोपरा मी रिकामा करून ठेवला आहे. नोंदणीचे कागद सोबत पाठवायचे, हेही ठरलेलं आहे.